सरासरीत लपलेलं भांडण

आमची पंचायत गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. वित्त आयोगाच्या अनुदानातले थोडे पैसे हातात होते आणि प्रस्ताव आले होते पाच. पहिला, सुक्या कचऱ्याची शेड वाढवून तिथे गठ्ठे बांधायचं यंत्र बसवणं. दुसरा, बाजारातल्या आणि हॉटेलांच्या ओल्या कचऱ्यावर छोटा बायोगॅस. तिसरा, वाड्यावाड्यांवर कंपोस्टचे खड्डे आणि छपराखाली एक खतकेंद्र. चौथा, पंचायतघर आणि समाजगृहाच्या छतावर सौर पॅनेल. पाचवा प्रस्ताव एक पुरवठादार चकचकीत पुस्तिकेसह देऊन गेला होता: कचरा जाळून वीज करणारं यंत्र, 'गावाच्या मापाचं'.

प्रत्येक प्रस्तावाला एकेक वाली होता. बायोगॅस एका पंचांना हवा होता, कारण त्यांनी साळगावचा प्रकल्प बघितला होता. २०१६ पासून तिथे कचऱ्यापासून गॅस आणि गॅसपासून वीज होते, मग आपल्याकडे का नाही, हा त्यांचा सवाल. सौर पॅनेल तरुण मंडळींना हवी होती. खतकेंद्र स्वयंसहाय गटाच्या बायकांना. शेडचा आग्रह कोणीच धरत नव्हतं, कारण शेड उभी राहिली तर फीत कापताना फोटो बरा येत नाही.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि ग्राम कचरा व्यवस्थापन समितीवर आहे. सरपंचांनी विचारलं, "बाई, हे सगळं एका कागदावर मांडून कुठलं आधी करायचं ते सांगता येईल का? म्हणजे ग्रामसभेत भांडण नको." भांडण टळेल असा शब्द मी दिला नाही. कागदावर मांडायचं मात्र कबूल केलं.

ऊर्जा आणि कचरा यांच्या पर्यायांचा अग्रक्रम ठरवायला जगभर जी पद्धत वापरतात तिला फझी, म्हणजे धूसर, निर्णयपद्धत म्हणतात. हिचं मूळ लोत्फी झादेह यांच्या १९६५ च्या निबंधात आहे. बाकूत जन्मलेले झादेह बर्कलीत शिकवायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. 'उंच माणसं' असा संच केला तर कोण आत आणि कोण बाहेर हे हो-नाहीमध्ये सांगता येत नाही. कुणी थोडा आत असतो, कुणी बराच. ही कल्पना नुसती पुस्तकात राहिली नाही. जपानमधल्या सेंदाई शहराची मेट्रो १९८७ पासून या तर्काने वेग आणि ब्रेक सांभाळते. निर्णय घेण्याच्या कामी ती आणली १९७० मध्ये बेलमन आणि झादेह यांनी. त्याच दशकात थॉमस साटी यांनी निकषांची जोडीजोडीने तुलना करून त्यांना वजन द्यायची रीत काढली: एक ते नऊच्या मापात सांगायचं, की हा निकष त्या निकषाहून किती महत्त्वाचा. पुढे लोकांनी दोन्ही जोडलं. 'पाच' या ठाम आकड्याऐवजी 'चार ते सहा, बहुधा पाच' असा त्रिकोणी आकडा लिहायचा: (४, ५, ६). उलट तुलना करताना त्याचा व्यस्त घ्यायचा: एक षष्ठांश, एक पंचमांश, एक चतुर्थांश.

साटींना स्वतःला हे जोडकाम पसंत नव्हतं. माणसाचा अंदाज एक ते नऊच्या मापात आधीच सैल असतो, त्याला आणखी सैल करून काय मिळवता, असा त्यांचा आक्षेप. हा आक्षेप मला निम्मा पटतो, आणि निम्मा का पटत नाही ते पुढे येईल.

आधी निकष ठरवायचे होते. त्यासाठी बसलो आठजण: दोन पंच, सचिव, स्वयंसहाय गटाच्या दोघी, बाजारातले एक हॉटेलवाले, गावातले एक वयस्कर भाटकार (जमीनदार), आणि कचरागाडीवरचा मुलगा. गाडीवरच्या मुलाला बोलवायला सचिव नाखूश होते. "तो काय सांगणार, बाई?" मी म्हटलं, बसू दे की. (तोच सगळ्यात जास्त बोलला.) निकष पाच ठरले: खर्च, चालवायला लागणारी माणसं, वास आणि शेजाऱ्यांचा त्रास, पावसाळ्यात टिकणं, आणि प्रदूषणातली घट.

पाच निकषांच्या दहा जोड्या होतात. ऐकायला सोपं वाटतं. पण "खर्च जास्त महत्त्वाचा की वास?" असं विचारलं की माणूस म्हणतो, "दोन्ही." पुन्हा विचारलं की म्हणतो, "तुम्हीच लिहा काय ते." हवेतल्या प्रश्नाला हवेतलंच उत्तर मिळतं. म्हणून प्रश्न बदलला. "समजा दोन लाख वाचतात, पण चार घरांना दिवसभर वास येतो. घ्याल का ते दोन लाख?" आता उत्तरं यायला लागली, आणि प्रत्येकाची वेगळी. महत्त्वाचं म्हणजे किती, आणि कशाच्या बदल्यात, हे जोडीच्या प्रश्नात आणल्याशिवाय वजन मागणं व्यर्थ आहे. या विषयावरच्या निबंधांत लांबलचक कोष्टकं असतात, पण तज्ज्ञांना नेमका कोणता प्रश्न विचारला ते बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. मला तर कोष्टकापेक्षा तो प्रश्न वाचायला आवडेल.

साटींच्या रीतीत एक चांगली सोय आहे. उत्तरं एकमेकांशी जुळतात की नाही हे तपासायला एक गुणोत्तर काढतात, ते ०.१० च्या आत असावं असा दंडक. भाटकारकाकांचं गुणोत्तर त्याच्या कितीतरी वर गेलं. बघितलं तर त्यांच्या मते खर्च वासापेक्षा मोठा, वास माणसांपेक्षा मोठा, आणि माणसं खर्चापेक्षा मोठी. गोल फिरून जिथल्या तिथे. नियमाप्रमाणे अशा वेळी माणसाला उत्तरं दुरुस्त करायला सांगतात. मी त्यांना नुसतं विचारलं, "काका, हे कसं?"

काका म्हणाले, "यात चुकलं काय? यंत्राचे पैसे सरकार देणार, ते एकदाच. पगार पंचायत देणार, दर महिन्याला. पहिल्या खर्चाची मला काळजी नाही, दुसऱ्याची झोप लागू देत नाही. तुम्ही दोन्हीला 'खर्च' म्हणता."

चक्र काकांच्या डोक्यात नव्हतं, आमच्या यादीत होतं. खर्चाचे दोन भाग केले: उभारणीचा आणि दरमहाचा. निकष सहा झाले, जोड्या पंधरा. पुन्हा सगळ्यांना बसवलं, पुन्हा चहा, पुन्हा खाजं. गुणोत्तर आपोआप आत आलं. जो आकडा दंडकाबाहेर गेला म्हणून फेकून द्यायचा, त्यानेच यादीतली फट दाखवली.

मग वजनं काढायची वेळ आली. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने त्याच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाची एक्सेल शीट दिली होती. तिच्यात १९९६ सालची चँग यांची पद्धत घातलेली होती. ती सोपी आहे आणि शेकडो निबंधांत वापरलेली सापडते. आकडे भरले, उत्तर आलं, आणि मी ते तसंच भिंतीवर दाखवलं. दरमहाच्या खर्चाला भरघोस वजन, माणसांनाही बरं. 'पावसाळ्यात टिकणं' या ओळीसमोर शून्य.

स्वयंसहाय गटातल्या एक बाई उठूनच उभ्या राहिल्या. "पावसाक शून्य? बाई, तुमचो कंप्युटर गोंयचो न्हय!"

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या चार महिन्यांत खताचा ढीग लोण्यासारखा होतो, पुठ्ठा भिजला की भंगारवाला घेत नाही, सौर पॅनेलवर ढग बसतात. एकाही माणसाने पावसाला शून्य म्हटलं नव्हतं. मग हे आलं कुठून? चँगच्या पद्धतीत दोन त्रिकोणी आकडे कितपत एकमेकांवर चढतात ते बघून कोण मोठा असण्याची शक्यता किती ते काढतात, आणि सगळ्या तुलनांतली सर्वांत कमी शक्यता वजन म्हणून धरतात. एखादा त्रिकोण दुसऱ्याच्या पूर्ण खाली गेला, कुठेच शिवला नाही, की शक्यता शून्य आणि वजनही शून्य. 'सगळ्यात वरच्यापेक्षा स्पष्टपणे कमी' याचं रूपांतर 'काहीच नाही'त होतं. या दोषावर संशोधकांनी लिहिलेलं आहे, तरी पद्धत सर्रास चालते. आमच्या खोलीत निबंध वाचलेली मी एकटीच होते, पण दोष पकडला त्या बाईंनी.

मी बकली यांच्या १९८५ च्या जुन्या रीतीवर गेले: प्रत्येक ओळीतल्या त्रिकोणांचा भौमितिक मध्य (बेरजेऐवजी गुणाकारावरून काढलेली सरासरी) काढायचा आणि बेरजेने भागायचं. त्यात असं शून्य येत नाही. दरमहाचा खर्च आणि माणसं वरच राहिली, पाऊस तिसऱ्या जागी आला. प्रदूषणातली घट सगळ्यात खाली. त्याचं मला वाईट वाटलं, पण वजनं माझी नव्हती.

पुढचं काम प्रत्येक पर्यायाला प्रत्येक निकषावर शेरा देण्याचं. पाच पर्याय, सहा निकष, म्हणजे तीस शेरे. इथे चेन यांनी २००० साली मांडलेली मोजपट्टी वापरतात. तिच्यात शब्द सात आहेत. आमच्या मंडळींना सातांतला फरक लागेना, म्हणून पाच ठेवले. अगदी वाईट (०, ०, १), वाईट (०, १, ३), ठीक (३, ५, ७), चांगलं (७, ९, १०), उत्तम (९, १०, १०). सगळ्यांनी शेरे द्यायचे, त्यांची सरासरी घ्यायची, वजनाने गुणायचं, आणि प्रत्येक पर्याय आदर्शापासून किती लांब नि सगळ्यात वाईटापासून किती लांब ते मोजून क्रम लावायचा.

'बायोगॅस, पावसाळ्यात टिकणं' या चौकटीशी येऊन मी थांबले. गाडीवरच्या मुलाने 'वाईट' लिहिलं होतं. हॉटेलवाल्यांनी 'ठीक'. पंचांनी 'चांगलं'. तिघांची सरासरी काढली: (३.३३, ५, ६.६७). आता ही नुसत्या 'ठीक'च्या (३, ५, ७) शेजारी ठेवून बघा. मधला आकडा तोच, कडा जवळजवळ त्याच, उलट किंचित आत आलेल्या. म्हणजे तिघंही एकमुखाने 'ठीक' म्हणाले असते, तर शीटला जेवढी अनिश्चितता दिसली असती, त्याहून कमी अनिश्चितता तिला या भांडणात दिसत होती. एकाने खड्डा म्हटलं, एकाने टेकडी, आणि शीटने सपाट मैदान लिहून घेतलं.

बाकीच्या पाचजणांनी ही चौकट कोरी ठेवली होती. ठाऊक नसेल तिथे काही लिहू नका असं मीच सांगितलं होतं. कोऱ्या चौकटीचंही तसंच होतं. 'माहीत नाही' हे त्रिकोणात लिहायचं झालं तर (०, ५, १०) असं लिहावं लागेल. त्याचा मध्य पाच, आणि तीन आकड्यांची सरासरीही पाच. 'ठीक'चीही पाच. शेवटी जेव्हा त्रिकोणाचा एक साधा आकडा करतात, तेव्हा 'मला माहीत आहे, बेताचं आहे' आणि 'मला काहीच माहीत नाही' ही दोन माणसं एकाच बाकावर येऊन बसतात. साटींचा आक्षेप इथे मला पटतो: रुंदी जपायची नसेल तर त्रिकोण काढण्यात हशील नाही. पण रुंदी जपली, तर साध्या एक ते नऊमध्ये न दिसणारी गोष्ट दिसते. हा उरलेला निम्मा.

म्हणून मी सरासरी सोडली. प्रत्येक चौकटीत सगळ्यांत खालची कड, मधल्यांची सरासरी आणि सगळ्यांत वरची कड घेतली. बायोगॅसची ती चौकट झाली (०, ५, १०). ही रीतही निर्दोष नाही. एकच हेकेखोर माणूस त्रिकोण ताणून ठेवू शकतो. त्यामुळे क्रम लावायला तिचा मी फार उपयोग केला नाही. उपयोग केला तो रुंद चौकटी रंगवायला. तीसांपैकी बहुतेक चौकटी अरुंद निघाल्या. कचरा जाळायच्या यंत्राबद्दल, कधी नव्हे ते, वासाच्या बाबतीत एकमत होतं. लालभडक रुंद चौकटी थोड्याच, आणि त्यातल्या बऱ्याच बायोगॅसच्या ओळीत.

मग त्या लाल चौकटींवरच बोललो, बाकीच्यांना हात न लावता. गाडीवरच्या मुलाला विचारलं, 'वाईट' का? तो पूर्वी एका वसतिगृहात कामाला होता. तिथे बायोगॅसची टाकी होती. "सुट्टीत पोरं घरी गेली की टाकीत घालायला काही नसायचं. परत आली की एकदम भरपूर. टाकी आंबायची, फेस यायचा, मग आठवडाभर गॅसच नाही. पावसात खड्ड्यात पाणी शिरलं की तर विचारू नका. साफ करायला मीच." पंचांचा 'चांगलं' हा शेरा साळगावावरून आलेला. तिथला प्रकल्प रोज कितीतरी गावांचा नि किनाऱ्यावरच्या हॉटेलांचा कचरा घेतो, चालवायला तंत्रज्ञ आहेत, पुरवठा तुटत नाही. दोघंही खरं बोलत होते, दोन वेगळ्या टाक्यांबद्दल. आमची टाकी कोणत्या टाकीसारखी होणार हे एकाच गोष्टीवर अवलंबून होतं: रोज किती ओला कचरा येणार, आणि तो किती कमीजास्त होणार. आणि ते आठांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पुरवठादाराच्या पुस्तिकेत मात्र दरडोई आकडा होता, शहराचा.

शेरे गोळा करणं थांबवून आम्ही तराजू आणला. रेशनच्या दुकानातला जुना वजनकाटा शेडमध्ये ठेवला आणि गाडीतून येणारा ओला कचरा मोजायला सुरुवात केली: बाजाराच्या दिवशी, इतर दिवशी, सणाला. लिहून ठेवायचं काम गाडीवरच्या मुलाकडेच होतं, आणि त्याच्या वहीत वजनाशेजारी शेरेही आहेत: 'मासळी जास्त', 'हॉटेल बंद', 'माटोळीचं सामान' (चवथीला गणपतीवर बांधायची फळं-पानं).

आकड्यांनी सगळ्यांनाच गप्प केलं. गावातला ओला कचरा गाडीपर्यंत येतच नाही! घराघरातलं भाजीचं देठ-साल माडाच्या मुळाशी जातं, उष्टं गुरांना आणि कुत्र्यांना, काजूच्या दिवसांत बोंडांचा चोथा भट्टीच्या आसपासच पडतो. गाडीत येतो तो बाजाराचा, चार हॉटेलांचा आणि नव्या फ्लॅटांचा. चवथीनंतर एकदम उंच शिखर, मग पुन्हा उतार. रोजचे सरासरी १०० किलोही भरत नव्हते.

१०० किलो आले असते तरी हिशेब काय झाला असता, तो फळ्यावर मांडला. स्वयंपाकघरातल्या एक किलो ओल्या कचऱ्यापासून छोट्या टाकीत साधारण ०.०५ ते ०.०८ घनमीटर गॅस धरावा. म्हणजे रोज पाच ते आठ घनमीटर. यातला मिथेन साठ टक्क्यांच्या आसपास. बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. एक घनमीटर बायोगॅस जेमतेम अर्ध्या किलो एलपीजीच्या तोडीचा. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरइतका गॅस मिळायला चार ते सहा दिवस. त्यासाठी एक पूर्णवेळ माणूस, पाणी, आणि टाकीतून निघणारी स्लरी न्यायची सोय. हॉटेलवाले स्वतःच म्हणाले, "यापेक्षा मी सिलिंडर आणीन." २०१६ च्या घनकचरा नियमांत रोज १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्याने आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा असं होतं, पण आमच्याकडे त्या मापाचं हॉटेल एकही नाही, त्यामुळे तीही वाट नव्हती.

कचरा जाळून वीज करायच्या यंत्रावर फार वेळ गेला नाही. ओला-सुका मिसळलेल्या आपल्याकडच्या कचऱ्यात पाणीच इतकं असतं, की जाळताना बरीच उष्णता ते उकळण्यात जाते. आणि वेगळा केलेला सुका कचरा जाळायचा, तर विकण्याजोगं तेच जाळून टाकणं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, धुराची मोजणी हे वेगळंच. सहापैकी पाच निकषांवर तो पर्याय तळाला होता. त्याला कुठलं गणित लागत नव्हतं.

सौर पॅनेलबद्दल वाद झाला तो वेगळ्याच कारणाने. एक किलोवॅटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं. जुलैत कमी, मार्चमध्ये जास्त. पंचायतघराचा वापर दिवसाच असल्यामुळे ते जमतं. तरुण मंडळींना मात्र घरांची छतंही यादीत हवी होती. सचिवांनी नीट समजावलं: २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराला केंद्राकडून थेट अनुदान आहे, पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये, आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला एकूण ७८,०००. ज्या कामाला दुसऱ्या दाराने पैसे येतात ते पंचायतीच्या थोड्या पैशांत कशाला घुसवायचं? हा मुद्दा आमच्या सहा निकषांत कुठेच बसत नव्हता, आणि तो अगदी रास्त होता. शीटच्या बाहेरच्या समासात लिहून ठेवला.

मोजलेले आकडे घालून शीट पुन्हा चालवली. सुक्या कचऱ्याची शेड पहिली, खतकेंद्र दुसरं, सौर तिसरं, बायोगॅस चौथा, जाळणं शेवटचं. आता हा क्रम कितपत पक्का? वजनं हलवून बघितली. दरमहाच्या खर्चाचं वजन निम्मं केलं, दुप्पट केलं. पावसाचं वर-खाली केलं. प्रदूषणातली घट माझ्या मनासारखी वर नेली. शेड दरवेळी पहिलीच. खतकेंद्र आणि सौर यांच्यात अदलाबदल होत राहिली. त्यांच्यातला फरक दुसऱ्या दशांशातला होता. बायोगॅस मात्र उड्या मारत होता: दरमहाच्या खर्चाला वजन कमी दिलं की थेट दुसरा, जास्त दिलं की जाळण्याच्या पंगतीत. म्हणून ग्रामसभेपुढे मी पाच ओळींचा क्रम ठेवलाच नाही. तीनच गोष्टी ठेवल्या. शेड, कसंही मोजलं तरी. खतकेंद्र आणि सौर, बरोबरीचे, कुठलं आधी ते तुम्ही ठरवा. बायोगॅस, माणूस आणि पुरवठा यांची हमी मिळाली तर.

सरपंच थोडे हिरमुसले. त्यांना एक, दोन, तीन असं हवं होतं. "एवढं गणित करून बरोबरीच?" दुसऱ्या दशांशातल्या फरकावर पंचायतीचे पैसे लावायला मी तयार नव्हते, आणि तसं सांगितलं.

रविवारच्या ग्रामसभेत शेड मंजूर व्हायला वेळ लागला नाही. खत की सौर यावर खूप बोलणं झालं, आवाज चढले, आणि खतकेंद्राच्या बाजूने हात जास्त वर गेले. गटातल्या बायकांनी पावसाळ्याचं उत्तर आधीच तयार ठेवलं होतं: उन्हाळ्यात झावळ्या, पालापाचोळा आणि सोडणांचा भुसा छपराखाली साठवायचा आणि पावसात ओल्या कचऱ्याच्या थरांमध्ये घालायचा. खताच्या ढिगात ओलावा पन्नास-साठ टक्क्यांच्या वर गेला की हवा कोंडते आणि वास सुटतो. कोरडा माल हाताशी असला तर तो आवरता येतो. हे त्यांनी पुस्तकातून आणलं नव्हतं. त्यांच्या 'चांगलं' या शेऱ्यामागे हेच होतं, आणि मी आधी विचारलंच असतं तर तिथलीही एक लाल चौकट टळली असती.

आता शेडमध्ये एक नवाच प्रश्न उभा आहे. चिप्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, पातळ पिशव्या हे कुठल्याच भंगारवाल्याला नको असतं. गोव्यातलं असं न विकलं जाणारं प्लास्टिक कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांत इंधन म्हणून पाठवलं जातं, पण तिथवर जायला ते कोरडं आणि दाबून बांधलेलं लागतं. वाहतुकीसाठी दोन-तीन पंचायतींनी मिळून गाडी करावी असा सहावा पर्याय पुढे आला, आणि सचिवांनी तो परस्पर शीटमध्ये घालून बघितला. खत आणि सौर यांची जागा बदलली! नवा पर्याय घातला की जुन्यांचा आपसातला क्रम फिरतो, हा साटींच्या रीतीवर १९८३ पासून घेतला जाणारा आक्षेप आहे, आणि आमच्या शीटमध्येही शेरे सगळ्यांत मोठ्या आकड्याने भागून सारखे केलेले असल्यामुळे तसंच होतं. सचिवांचा फोन आला, "बाई, मग आता खताचं केंद्र रद्द करायचं का?"

मी म्हटलं, त्या दोघांतला फरक किती आला ते आधी वाचून दाखवा. त्यांनी वाचला: पुन्हा दुसऱ्या दशांशात. खतकेंद्राचं काम चालू ठेवलं. गाडीचा पर्याय पुढच्या बैठकीत घेऊ, आणि शेजारच्या पंचायतीतल्या गाडीवरच्या माणसांनाही बोलवायचं ठरलंय.